चिकूच्या मेंदूतली गाठ काढली, त्याला आता काही महिने झाले

आमची चिकू गोल्डन रिट्रीव्हर, वय नऊ. जन्मात कधी फिट आली नव्हती, ती गेल्या पावसाळ्यात लागोपाठ यायला लागली. उतारवयात पहिल्यांदाच फिट आली तर नुसती मिरगी म्हणून सोडायचं नाही, मेंदूत गाठ आहे का ते बघायचं, हे धरमपेठेतल्या आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांचे उपकार विसरणार नाही.

एमआरआयमध्ये मेनिंजिओमा निघाला. मेंदूच्या आवरणातून वाढणारी ही गाठ, कुत्र्यांच्या मेंदूतल्या गाठींत हीच सर्वांत जास्त आढळते. चिकूची गाठ पुढच्या भागात, कवटीला लागून होती, म्हणून हात घालता आला. खोलवर असती तर आम्ही तयार झालो नसतो. शस्त्रक्रिया बाहेरगावी झाली, समृद्धीवरून गाडीने नेलं. ती नीट पार पडली.

खरी परीक्षा घरी आल्यावर. स्टेरॉइड आणि फेनोबार्बिटोन (फिट रोखणारं औषध) सोबत चालू असलं की भूक, तहान आणि लघवी तिन्ही वाढतात. रात्रीतून दोनदा अंगणात न्यावं लागे. सुरुवातीला मागचे पाय लटपटायचे, ते हळूहळू कमी झालं. स्टेरॉइडने धापही लागते, त्यात नागपूरचा मे महिना! कूलर तिच्याच खोलीत हलवला, फिरणं पहाटे उजाडायच्या आत. लेव्हेटिरासिटाम, म्हणजे फिटचंच दुसरं औषध, दर आठ तासांनी, म्हणजे सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. दुपारची गोळी आईकडे. "दोन वाजून राहिले, आधी तिची गोळी" म्हणत ती स्वतःचं ताट बाजूला सारते. रक्तातलं औषधाचं प्रमाण आणि यकृत अधूनमधून तपासावं लागतं, तो खर्च आधीच धरून चला.

फायदा झाला का? झाला, आणि मनापासून सांगते. आधी ती भिंतीला डोकं टेकवून तासन्‌तास उभी राहायची, हाक मारली तरी वळायची नाही. आता फुटाळा तलावावर मलाच ओढत नेते. फिट जवळपास थांबल्या आहेत.

पण गाठ कायमची गेली असं कुणी समजू नये. उरलेल्या पेशी पुन्हा वाढू शकतात. नंतर रेडिएशन दिलं तर सहसा जास्त काळ मिळतो, आम्हाला ते जमलं नाही. डॉक्टरांना भेटाल तेव्हा गाठ नेमकी कुठे आहे आणि रेडिएशन कुठे मिळेल, हे दोन्ही शस्त्रक्रियेआधीच विचारा. आणि फिट थांबल्या म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका, एकदम तोडल्या तर जोरात फिट येऊ शकतात.