मणक्याच्या ‘सौम्य’ उपचाराचं पॅकेज घेण्याआधी हे वाचा

कंबरदुखीसाठी कायरोप्रॅक्टिक उपचार (हाताने किंवा उपकरणाने मणक्यांवर दाब देण्याची पद्धत) घ्यायचा विचार असेल आणि समोरच्याने संशोधनाचे कागद पुढे केले, तर ते घरी आणा, पूर्ण वाचा, मगच पैसे भरा. मला जिथे गंडवलं तिथे एकही कागद खोटा नव्हता, म्हणूनच सविस्तर लिहिते आहे.

माझी कंबर अधूनमधून धरते. या वेळी वाकून उठताना उसण भरली आणि डाव्या बाजूला चमका निघू लागल्या. कायरोप्रॅक्टिक केंद्रात गेले, तिथे आधी एक्स-रे काढला. पडद्यावर त्याच्यावर तांबड्या रेघा मारून सांगितलं, "हा बघा, मणका जागचा हललाय. झीजही सुरू झालीय." मग पालथं झोपवून, बूट धरून दोन्ही टाचा जुळवल्या. एक पाय आखूड! पिचकारीसारखं दिसणारं स्प्रिंगचं उपकरण कमरेवर दोन-तीन ठिकाणी टेकवून टक-टक वाजवलं, टाचा परत जुळवल्या, आणि पाय सारखे झाले. सोबत आलेल्या बहिणीने मोबाइलवर हे सगळं टिपलं होतं. नंतर सावकाश बघितलं तेव्हा दिसलं, की दुसऱ्या खेपेला आखूड पायाचा बूट अंगठ्याने चांगलाच खाली ओढलेला आहे.

त्यानंतर आली फाइल. प्लास्टिकच्या पाकिटांत घातलेले शोधनिबंध, त्यातली मोजकी वाक्यं पिवळ्या मार्करने रंगवलेली. "हे आम्ही म्हणत नाही, संशोधन म्हणतंय," हे वाक्य तिथे रिसेप्शनपासून सगळ्यांच्या तोंडी होतं. लगेच वर्षभराच्या सत्रांचं पॅकेज, सगळी रक्कम आगाऊ, आणि सवलत फक्त आजच्यापुरती.

ते निबंध मी नंतर शोधून वाचले. पहिला २०१८ सालचा, ‘जामा नेटवर्क ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकातला. अमेरिकी सैन्यातल्या ७५० जणांवरचा अभ्यास. नेहमीच्या वैद्यकीय उपचाराला कायरोप्रॅक्टिकची जोड दिली त्यांचं दुखणं जास्त कमी झालं, हे त्यात खरोखर लिहिलंय. पिवळा रंग तेवढ्याच ओळीवर होता. बाकीचं असं: उपचार ६ आठवड्यांचा होता, माणसं १८ ते ५० वयाची होती, आणि मणक्यांवरच्या हाताच्या उपचारांबरोबर व्यायाम आणि शेकही होता. मी पन्नाशी केव्हाच ओलांडली आहे. मला व्यायाम कुणी शिकवला नाही. आणि ६ आठवड्यांच्या अभ्यासावरून वर्षाचं पॅकेज कुठून निघालं, ते त्या निबंधात सापडणार नाही.

दुसरा निबंध २०१७ चा, ‘जामा’मधला. नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीवरच्या २६ चाचण्यांचा आढावा. वेदना ० ते १०० मध्ये मोजली तर सरासरी १० च्या आसपास उतार, तोही ६ आठवड्यांपर्यंत पाहिलेला. फाइलमध्ये याच्यापुढे पेनने ‘सिद्ध!’ असं लिहिलं होतं. फाइलमध्ये जो नव्हता तो २०१९ चा ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातला आढावा: जुनाट कंबरदुखी, ४७ चाचण्या, नऊ हजारांवर माणसं. निष्कर्ष असा, की मणक्यांवरचे हे उपचार इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकेच काम करतात. म्हणजे व्यायामाच्या तोडीचे. त्यांच्यापेक्षा सरस नाहीत.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे निव्वळ थोतांड, असं मला म्हणायचं नाही. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखीच्या पर्यायांत मणक्यांच्या हस्तोपचाराला जागा दिली आहे. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनेही २०१६ मध्ये दिली, पण व्यायामाच्या जोडीनेच. हरकत आहे ती त्यावर चढवलेल्या दाव्यांच्या मजल्यांना. ‘जागचा हललेला मणका’ ही डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये सुरू केलेल्या या पद्धतीतली जुनी कल्पना. अशा मणक्यामुळे आजार होतात असा दावा करण्याइतका पुरावा नाही, हे ब्रिटनच्या कायरोप्रॅक्टिक परिषदेनेच २०१० मध्ये जाहीर केलं. या धंद्यावर देखरेख ठेवणारी संस्थाच ती! आणि झिजेचं म्हणाल, तर २०१५ मधल्या एका आढाव्यात पाठ अजिबात दुखत नसलेल्यांचे स्कॅन पाहिले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्के लोकांत मणक्यांमधल्या गादीची झीज दिसली. वय झालं की केसांसारखंच ते. पडद्यावर तांबडी रेघ मारली की मात्र पोटात गोळा येतो, आणि नेमकं त्याच वेळी पावतीपुस्तक समोर येतं.

सुरुवातीला मला बरं वाटलं, हेही सांगायला हवं. नव्याने भरलेली उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि माणूस उपचाराला जातो तो दुखणं अगदी शिगेला पोचल्यावर. उतार पडला की श्रेय पॅकेजचं. पुढे कळ पुन्हा आली तेव्हा उत्तर तयार होतं: "तुमची सत्रं अजून पुरी कुठे झालीत?" या हिशेबात पॅकेज हरूच शकत नाही.

पुढे फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने टेबलावर घेण्याआधी विचारलं: लघवी अडते का, बसण्याच्या जागी बधिरपणा आहे का, पायातली ताकद गेलीय का, ताप, पडझड, आधी कधी कर्करोग, कारण नसताना वजन उतरणं? यातल्या पहिल्या दोन गोष्टी असतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं असतं. आधीच्या केंद्रात यातला एकही प्रश्न झाला नव्हता. सही मात्र तीन ठिकाणी घेतली होती.

त्यातली एक सही ‘रक्कम परत मिळणार नाही’ या बारीक अक्षरांतल्या ओळीखाली आहे. राहिलेल्या सत्रांचे पैसे मागितले तर म्हणाले, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर करून देतो, बहिणीची पाठ दुखतच असेल की. मी नकार दिला. आता मागणी लेखी केली आहे, सोबत तो व्हिडिओ आणि निबंधांच्या पूर्ण प्रती जोडल्या आहेत, आणि पैसे कार्डाने भरले होते म्हणून बँकेकडेही तक्रार नोंदवली आहे. केंद्राकडून अजून उत्तर नाही. सवलतीचे मेसेज तेवढे येत असतात.