न बदललेल्या कूलिंग कॉइलचं बिल

गोव्यात फोंडा, म्हार्दोळ, कुंडई या पट्ट्यात ज्यांच्याकडे ऑटो क्लायमेट कंट्रोलची (आपण अंश ठरवायचे, गार-गरम गाडीच सांभाळते अशी) गाडी आहे आणि उन्हाळ्यात जी मध्येच गरम हवा फेकायला लागते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गॅरेजचं नाव देत नाही, तक्रार चालू आहे. शिवाय ही पद्धत एकाच गॅरेजची असेल असं मला वाटत नाही.

गाडी वडिलांची. सकाळी म्हार्दोळहून निघताना एसी झकास गार. बाणस्तारीचा पूल येईपर्यंत हवा कोमट, आणि बांबोळीला इस्पितळात तपासणीसाठी पोचेस्तोवर काचा खाली. पडद्यावरचा 22 चा आकडा मात्र जागचा हलत नव्हता. हा आकडा केबिनचं तापमान दाखवतो असं बरेच जण समजतात. तो आपण मागितलेला आकडा असतो. आत प्रत्यक्षात 31 अंश असले तरी पडद्यावर 22 च राहणार.

फोंड्याजवळच्या त्या गॅरेजात बॉनेट उघडून मिनिटभरात निदान झालं, "काका, गॅस सोंपला." गाडी दुपारभर तिथेच उभी राहिली. संध्याकाळी वडिलांना बसवून एसी चालू करून दाखवला, बर्फासारखी हवा. बिल 3,200 रुपये, त्यावर '134ए गॅस, 900 ग्रॅम' असं व्यवस्थित लिहिलेलं. फर्मागुडीचा चढ संपेपर्यंत हवा पुन्हा कोमट झाली होती.

परत गेल्यावर सांगितलं की कूलिंग कॉइल लीक आहे, भरलेला गॅस तिथून गेला. "खारो वारो काका, कॉइल खावन उडयता." यातली चलाखी अशी की हे वाक्य खोटं नाही. किनारपट्टीची दमट, खारट हवा ॲल्युमिनियमच्या कॉइलला आणि पुढच्या कंडेन्सरला (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला) खरंच गंजवते, गोव्यात प्रत्येकाच्या ओळखीत कुणाची तरी कॉइल गेलेली असते. त्यामुळे वडिलांनी शंका घेतली नाही, घेण्यासारखं काही नव्हतंही. कॉइल डॅशबोर्डच्या पोटात असते, ती काढायची तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणजे गाडी दोन दिवस ठेवायची आणि गिऱ्हाइकाने बघायला थांबायचं नाही. नवी कॉइल, मजुरी, पुन्हा गॅस धरून 13,800 रुपये. घ्यायला गेल्यावर पुन्हा तेच, थंड इंजिनावर गारेगार प्रात्यक्षिक.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगणं भाग आहे, कारण सगळी फसवणूक या एका गोष्टीवर उभी होती. गाडीच्या एसीत दोन वेगळी कामं चालतात. एक म्हणजे गारवा तयार करणं: कंप्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल, गॅस. दुसरं म्हणजे तो गारवा हवा तेवढाच केबिनमध्ये सोडणं. कॉइलच्या पुढे एक छोटा हीटर असतो. त्यात इंजिनचं कूलंट फिरतं आणि इंजिन तापल्यावर ते साधारण 90 अंशांपर्यंत जातं. मधली एक झडप ठरवते की किती हवा हीटरवरून जाऊ द्यायची. आंघोळीच्या पाण्यात विसण घालतात ना, तसंच, फक्त इथे गारात गरम घालतात. साध्या एसीत बऱ्याचदा ही झडप आपण नॉबने फिरवतो. ऑटोमध्ये ती एक छोटी मोटर फिरवते. डॅशबोर्डवरचा उन्हाचा सेन्सर, स्टिअरिंगजवळच्या बारीक जाळीमागचा केबिनचा सेन्सर आणि पुढच्या बंपरमागचा बाहेरच्या हवेचा सेन्सर, यांच्यावरून गाडी हिशोब करून मोटरला हुकूम देते.

मोटरचे प्लास्टिकचे दात झिजले की झडप आहे तिथे अडकते. आमची अर्धी उघडी अडकली होती. म्हणून इंजिन गार असताना हीटरही गार आणि हवा मस्त. इंजिन तापलं की हीटर तापला, आणि कॉइलने केलेली गार हवा आम्हाला गरम होऊन मिळायला लागली. गाडी दुपारभर उभी ठेवून मग एसी दाखवायचा, यात काय सोय होती ते आता लक्षात येईल. डॅशबोर्डमागून टक टक आवाज येतो हे वडिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. या बिघाडाची ती ओळखीची खूण. ती ऐकून घेतली असती तर 3,200 चं बिल झालं नसतं.

डिचोलीच्या एका मेकॅनिकने (मामेभावाच्या ओळखीचा, बोलायला जरा तिरसट) गाडी चांगली तापू दिली आणि मला बॉनेटजवळ बोलावलं. पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवून कंप्रेसरकडे परत येणारा जाड पाइप धरायला सांगितला. पाइप थंडगार, बाहेरून घाम फुटलेला. मग आत जाऊन एसीची हवा येते त्या जाळीपुढे हात धरायला सांगितला. हवा कोमट. पाइप गार आणि हवा गरम, म्हणजे गारवा तयार होतोय पण वाटेत बिघडतोय, गॅसचा संबंध नाही. गाडीखाली पाणीही ठिबकत होतं. आपल्या दमट हवेतलं बाष्प गार कॉइलवर जमून ते पाणी होतं. संपलेल्या गॅसवर असं पाणी ठिबकत नाही.

नंतर त्याने ग्लोव्ह बॉक्स उतरवून केबिन फिल्टर काढला आणि त्या फटीतून मोबाइलचा कॅमेरा आत घातला. आमच्या गाडीत तिथून कॉइल सरळ दिसते. पाकळ्यांत वर्षांची धूळ घट्ट बसलेली, कोपऱ्यात वाळलेली पानं. तीन आठवड्यांपूर्वी बसवलेली 'नवी' कॉइल ती हीच. डॅशबोर्डचा एक स्क्रूसुद्धा कुणी हलवलेला दिसत नव्हता.

बिलावरची दुसरी गंमत बॉनेटखालच्या स्टिकरवर सापडली. आमच्या गाडीत एकूण गॅस मावतो 450 ग्रॅम, तसं तिथे छापलंय. 900 ग्रॅम भरला असता तर दाब इतका वाढला असता की प्रेशर स्विचने कंप्रेसर बंद पाडला असता. म्हणजे तेवढा भरलाच नव्हता. डिचोलीवाल्याने मशीनवर गॅस काढून वजन केलं, 440 भरलं. मोटर बदलली, गॅस मोजून परत भरला, सगळं मिळून 2,600.

लीक आहे म्हणणाऱ्याला ती कुठे आहे ते दाखवायला सांगा. नायट्रोजन भरून दाब उतरतो का बघता येतं, गॅसबरोबर रंग सोडून अतिनील दिव्याखाली डाग शोधता येतो, कॉइलच्या पाण्याच्या नळीशी गॅस डिटेक्टर धरता येतो. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. सांध्यांतून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, पण एका मोसमात संपला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नुसता भरून देणारा तुम्हाला पुन्हा बोलावण्याचीच सोय करतोय. किती ग्रॅम काढला, किती भरला ते बिलावर मागा, स्टिकरशी ताडून बघा. बदललेला जुना भाग डिकीत टाकून द्यायला आधीच सांगून ठेवा. जुनी कॉइल मागितली की बदलल्याचं सोंग करणाऱ्याची अडचण होते. आणि दाखवणार असतील तर तापलेल्या इंजिनावर, पाच-सहा किलोमीटर चालवून.

फोटो घेऊन गेल्यावर पहिल्या गॅरेजचा मालक आधी म्हणाला कामाच्या पोराने घोटाळा केला, मग म्हणाला पुढची सर्व्हिस फुकट. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा करता येतो, आणि 5 लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही, हे त्याला शांतपणे सांगितलं. कॉइलचे पैसे चार दिवसांत वडिलांच्या खात्यात आले. 3,200 रुपयांबद्दल तो अजून बोलत नाही. 450 ग्रॅमच्या गाडीत 900 ग्रॅम कसा भरला, हे आम्ही लेखी विचारलंय.