समुद्राचं पाणी आणायचं की मीठ कालवायचं?
सांगलीत रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरलचा (प्रवाळांचा) खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवायचा म्हटलं की पहिला घोळ पाण्याचाच. मी दोन्ही करून बघितलंय. रत्नागिरीहून आंबा घाटानं कॅन भरून आणलेलं पाणी फुकट वाटतं, पण डिझेल धरलं तर कुठलं फुकट, आणि एकदा पावसाळ्यात आणलं तर हायड्रोमीटरवर (घनतेवरून खारटपणा मोजायचं साधन) १.०१८ च दिसलं, नदीचं गोडं पाणी मिसळलेलं ना, कोरलला हवं १.०२५ च्या आसपास. वर डिकीत एक कॅन लवंडला, तो वास दिवाळीपर्यंत गेला नाही, घरी काय ऐकावं लागलं ते विचारू नका.

सिंथेटिक मीठ, म्हणजे समुद्राचं पाणी घरी बनवायचं तयार मिश्रण, साधं मीठ नव्हे, महाग आहे, खरंय. पण लिटरला साधारण ३५ ग्रॅम टाकायचं, पंप लावून रात्रभर फिरवायचं, सकाळी मोजायचं, विषय संपला. फक्त बोअरचं पाणी नको हं, आरओ-डीआयचंच (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेलं), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य. मी प्यायच्या आरओवर भागवायला गेलो आणि काचेवर शेवाळाचा थर खरवडत बसलो.

१०० लिटरच्या टँकला आठवड्याला १० लिटर बदलायचं, एवढ्यासाठी कोण घाट उतरणार? हिवाळ्यात कोकणात जाणं झालंच तर भरतीच्या वेळी, खाडीपासून लांबचं, दोन कॅन आणतो. बाकी वर्षभर मीठच.