ऑनलाइन शिक्षणाचा शीण: सत्रभर वापरलेल्या साधनांचा अनुभव

घाईत असणाऱ्यांसाठी निष्कर्ष आधीच सांगते. टायमर कामाचा आहे, फ्लॅशकार्ड (एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर असलेली कार्डं) फारच कामाची आहेत, पण माझा शीण खऱ्या अर्थाने उतरला तो नुसतं बघत बसण्याचे तास कमी केल्यावर. मी सांख्यिकीची पदवी पूर्णपणे ऑनलाइन करते आहे. व्याख्यानं, ट्युटोरियल, असाइनमेंट, परीक्षा, वर्गमित्रांशी बोलणं, सगळं एकाच लॅपटॉपवर. गेलं अख्खं सत्र मी खालच्या गोष्टी रोजच्या अभ्यासात वापरल्या. यातलं काय चाललं आणि काय सोडून दिलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण अशा साधनांबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक वेळा पहिल्या आठवड्याच्या उत्साहातलं असतं.

आधी हा थकवा नेमका कसला ते बघायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये मान्य केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची तीन अंगं दिली आहेत: शक्ती पार संपल्यासारखं वाटणं, कामावरून मन उडणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. तिथे हा आजार म्हणून नोंदलेला नाही आणि व्याख्याही नोकरीपुरतीच आहे. पण मूळची नोकरदारांसाठीची प्रश्नावली संशोधकांनी २००२मध्ये विद्यार्थ्यांसाठी बदलून वापरली, तेव्हाही हीच तीन अंगं धरली होती. मला ही विभागणी फार उपयोगी पडली. झोप आणि सुट्टी यांनी पहिलं अंग सुधारतं, उरलेली दोन तशीच राहतात. माझं तिसरं अंग सगळ्यात जड होतं. दिवसभर व्याख्यानं बघायची आणि संध्याकाळी त्याच धड्यावरचं साधं गणित सुटू नये, असं रोज चालायचं. म्हणून प्रत्येक साधनाला मी एकच प्रश्न विचारला: याने मला काही येऊ लागलं का?

पोमोडोरो टायमरपासून सुरुवात केली. फ्रांचेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून अभ्यास करायला सुरुवात केली, त्यावरून हे नाव पडलं. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी. बसायचीच इच्छा नसते तेव्हा याच्यासारखं दुसरं काही नाही. २५ मिनिटं कुणीही बसू शकतं. पण संभाव्यतेचं लांबलचक गणित अर्ध्यात असताना घंटा वाजली की सगळी मांडणी डोक्यातून जाते आणि परत जुळवायला वेळ लागतो. त्यामुळे आता वाचन आणि कार्डांसाठीच टायमर लावते. गणितांना घंटा नाही, गणित संपलं की उठायचं. आणि विश्रांतीत फोन हातात घेतला तर ती विश्रांती होतच नाही. डोळे तेच, मान तशीच वाकलेली, फक्त पडदा लहान. फोनमधलं ॲप काढून मी साधा चावीचा टायमर घेतला, त्याने बराच फरक पडला. लक्ष टिकावं म्हणून झाड वाढवून दाखवणारं एक ॲपही काही दिवस वापरलं. ते सोडून दिलं, कारण मी किती वेळ बसले एवढंच त्याला कळत होतं.

थेट वर्गांसाठी सगळ्यात स्वस्त आणि लगेच गुण देणारा उपाय म्हणजे स्वतःचा चेहरा लपवणं. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१मध्ये व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची चार कारणं मांडली होती: अगदी जवळून रोखलेल्या नजरा, सतत स्वतःला बघत राहणं, हालचाल खुंटणं, आणि समोरच्याच्या हावभावांचा अर्थ लावायला लागणारे जादा कष्ट. पहिल्या दोन कारणांवर काही क्षणांत उपाय होतो. आपला चेहरा फक्त आपल्याला दिसू नये अशी सोय बहुतेक बैठकांच्या सॉफ्टवेअरमध्ये असते; इतरांना आपण दिसत राहतो, त्यामुळे शिक्षकांचीही हरकत नसते. शिवाय खिडकी पूर्ण पडद्यावर न ठेवता लहान केली की चेहरे अंगावर आल्यासारखे वाटत नाहीत. हे दोन बदल मी कायमचे ठेवले आहेत.

आता रेकॉर्ड केलेली व्याख्यानं. माझ्या थकव्याचं खरं मूळ इथेच होतं. थेट वर्ग निदान संपतो. रेकॉर्डिंग संपत नाही. ते साचतं, मागे ढकलता येतं, परत परत बघता येतं, आणि प्रत्येक व्हिडिओपुढे ‘पूर्ण’ अशी हिरवी खूण उमटते. ती खूण बघितल्याची असते, समजल्याची नव्हे. साचलेलं संपवायला बहुतेक जण वेग वाढवतात, मीही वाढवला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी २०२१मध्ये दाखवलं की दुप्पट वेगापर्यंत व्याख्यान बघणाऱ्यांच्या आकलनात फारसा फरक पडत नाही, त्यापुढे मात्र पडतो. प्रस्तावना, उजळणी, ओळखीचा विषय यांसाठी माझाही अनुभव तसाच आहे. पण सिद्धता चालू असेल तर वेग वाढवण्यात अर्थ नाही. तिथे उलट थांबावं लागतं.

खरा बदल क्रम उलटा केल्यावर आला. आता आधी असाइनमेंट उघडते, पहिलं गणित कागदावर मांडून बघते, जिथे अडते तिथे खूण करते आणि मग व्याख्यानातला तेवढाच भाग शोधते. व्हिडिओखाली शब्दांकन दिलेलं असलं तर शोध दोन मिनिटांत होतो. नवा धडा पूर्ण बघायचाच असेल तर थोड्या थोड्या वेळाने थांबवते, पडदा झाकते आणि आत्ता काय सांगितलं ते वहीत आठवून लिहिते. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या लाखो व्हिडिओ-सत्रांच्या २०१४मधल्या अभ्यासात विद्यार्थ्यांचं लक्ष साधारण ६ मिनिटांपर्यंतच्या व्हिडिओंत सर्वांत चांगलं टिकल्याचं दिसलं होतं, म्हणून मीही तेवढ्याच अंतरावर थांबायला सुरुवात केली.

आठवून लिहिणं त्रासाचं आहे, हे खरं. पाच मिनिटांत पान कोरं राहतं आणि वाटतं की आपल्याला काहीच आलेलं नाही. २००६मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं. मजकूर परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर पुढे होते ते न बघता आठवून लिहिणारे. परत बघितलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीच्या वाटण्यालाच आपण ‘आलं’ म्हणतो. मग परीक्षेत हात अडतो आणि दोष स्वतःच्या कुवतीला देतो. ऑनलाइन शिकणाऱ्या किती तरी हुशार मुलांचा आत्मविश्वास असाच जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गणित सुटायला लागल्यावर माझा शीण जितका कमी झाला तितका तो सुट्टीतही झाला नव्हता.

फ्लॅशकार्डांसाठी अंकी वापरते. डेमियन एल्म्स यांनी २००६मध्ये आणलेलं हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनसाठी मात्र पैसे मोजावे लागतात. उत्तर किती सहज आठवलं ते आपण सांगायचं, त्यावरून कार्ड पुन्हा कधी समोर आणायचं ते सॉफ्टवेअर ठरवतं. २०२३च्या अखेरीस त्यात हे ठरवण्याची एफएसआरएस ही नवी गणनपद्धत आली. ती सेटिंगमधून सुरू करावी लागते, आणि माझ्याकडे उजळणीचा बोजा त्याने हलका झाला.

थकलेल्या विद्यार्थ्याने यात एक काळजी घ्यायलाच हवी. सुरुवातीला रोज २० नवी कार्डं ठरलेली असतात. हा आकडा लहान दिसतो, पण जुन्या कार्डांची उजळणी त्यावर चढत जाते आणि चार दिवस खंड पडला की ढीग समोर उभा राहतो. दमलेल्या माणसाला तो ढीग बघूनच ॲप बंद करावंसं वाटतं. मी नव्या कार्डांची मर्यादा बरीच खाली आणली आणि परीक्षेच्या आधी नवी कार्डं पूर्ण बंद ठेवली. दुसऱ्यांनी केलेले तयार संचही घेत नाही, कारण निम्मं शिकणं कार्ड बनवतानाच होतं. कार्ड लहान हवं. ‘सेंट्रल लिमिट थिअरम म्हणजे काय?’ असा प्रश्न निरुपयोगी. ‘नमुन्याचा आकार चौपट केला तर सरासरीची प्रमाण त्रुटी कितीपट होते?’ हा चांगला, कारण उत्तर एकच आहे: निम्मी. सिद्धता आणि लांब गणितं यात बसत नाहीत, ती वहीतच करायची.

वहीबद्दल फार लिहीत नाही. हाताने लिहिलेल्या नोंदी टाइप केलेल्यांपेक्षा चांगल्या, असं २०१४मधल्या एका गाजलेल्या अभ्यासाने सांगितलं होतं. नंतर तो पुन्हा करून पाहणाऱ्यांना तेवढा ठाम फरक सापडला नाही. माझ्यासाठी वहीचा फायदा इतकाच की डोळे पडद्यावरून हटतात. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघायचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, पण वहीत गणित करताना तो वेगळा पाळावाच लागत नाही.

अभ्यासावरून मन उडण्यावर, म्हणजे दुसऱ्या अंगावर, मात्र वरच्या एकाही साधनाचा उपयोग झाला नाही. त्यावर चालला तो एका वर्गमैत्रिणीबरोबरचा ठरलेला फोन. व्हिडिओ नाही, फक्त आवाज, आणि दोघीही चालत असतो. तिने एक संकल्पना मला समजावायची, मी एक तिला. सुरुवातीला औपचारिक वाटलं, आता अभ्यासक्रमातला मला सगळ्यात आवडणारा तास तोच आहे. वर्गाच्या गटावरची नोटिफिकेशन संध्याकाळनंतर बंद ठेवते, आणि मध्यरात्रीच्या मुदतीची असाइनमेंट दुपारपर्यंत पाठवायचं ठरवलं आहे. सगळ्या वेळा जमत नाही.

यातलं सगळं करूनही झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल, उद्याचा दिवस नको वाटत असेल, तर टायमर बदलत बसू नका. संस्थेत समुपदेशक असतील तर त्यांच्याशी किंवा डॉक्टरांशी बोला. शिक्षकांकडे मुदतवाढ मागा, एखादा विषय पुढच्या सत्रात घेता येतो का ते विचारा. मी एक विषय पुढे ढकलला आणि राहिलेले नीट झाले.

पुढच्या सत्रात वही, अंकी, चावीचा टायमर आणि मैत्रिणीबरोबरचा तो फोन चालूच राहणार आहेत. कुठून सुरुवात करायची असं कुणी विचारलं तर उद्याच्या व्याख्यानावरचं एक गणित आजच, व्हिडिओ न बघता मांडून बघा. जिथे अडाल ती ओळ लिहून ठेवा आणि उद्या फक्त तेवढंच शोधा.