मराठी तीस, इंग्रजी चाळीस: सोलापुरातला एक टायपिंग क्लास

या क्लासमधल्या तपासलेल्या सरावाच्या कागदांचा गठ्ठा चाळला, तर लाल पेनाचे सगळ्यात जास्त गोल 'आणि' या शब्दाभोवती सापडतात. कुणी 'आमि' बडवलेलं असतं, कुणी 'आणइ'. दोन्ही चुका शिफ्टच्या. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या बटणांच्या एका मांडणीत, 'आ' म्हणजे शिफ्ट धरून इंग्रजी ई चं बटण, 'ण' म्हणजे शिफ्ट धरून सी, आणि ऱ्हस्व वेलांटी म्हणजे नुसता एफ. शिफ्ट लवकर सुटली की ण चा म होतो, सुटायला उशीर झाला की वेलांटीच्या जागी अख्खी इ उमटते. त्यात ई आणि सी ही दोन्ही बटणं डाव्या मधल्या बोटाची. म्हणजे एकाच बोटाने वरच्या ओळीतून थेट खालच्या ओळीत उडी मारायची आणि तेवढा वेळ उजव्या करंगळीने उजवी शिफ्ट दाबून ठेवायची. मराठी टायपिंगचा कुठलाही क्लास जोखायचा असेल, तर तिथली मुलं 'आणि' कशी मारतात ते बघावं. हा क्लास त्यात जेमतेम काठावर पास होतो.

क्लास नवी पेठेच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंग परीक्षेची तयारी इथे करून घेतात. येणारी बहुतेक मुलं लिपिक-टंकलेखकाच्या जागांवर डोळा ठेवून येतात, आणि तिथे मिनिटाला मराठी ३० नाहीतर इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. हा वेग ऐकायला मोठा वाटतो, पण हिशेब सोपा आहे. टायपिंगमध्ये पाच दाबांचा एक शब्द धरतात, म्हणजे ३० ला मिनिटाला १५० दाब, सेकंदाला अडीच. ४० ला २०० दाब, सेकंदाला सव्वातीनहून थोडे जास्त. दोन बोटांनी शोधून शोधून मारणाराही थोड्या वेळापुरता तिथपर्यंत जातो. पण उताऱ्यात नजर कागदावरून बटणावर, बटणावरून पडद्यावर आणि परत कागदावर फिरते, ओळ हरवते, आणि तिथे तो मागे पडतो.

पहिला आठवडा मधल्या ओळीचा. आणि इथेच क्लासचा पहिला मोठा घोळ आहे. इंग्रजीचा जुना पाठ, 'ए एस डी एफ जी एफ, सेमिकोलन एल के जे एच जे', सर मराठीलाही तसाच देतात. इंग्रजीत तो ठीकच आहे. पण इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताच्या मधल्या ओळीवर शिफ्टशिवाय एकही स्वतंत्र अक्षर नाही. ए वर ओकार, एस वर एकार, डी वर हलंत (अक्षराचा पाय मोडणारी खूण), एफ वर ऱ्हस्व वेलांटी, जी वर ऱ्हस्व उकार. नुसता डावा हात चालवला की पडद्यावर ठिपक्यांच्या गोलांना लटकलेल्या मात्रांची रांग तयार होते. बरोबर काय आणि चूक काय, हे मुलाला वाचता येत नाही. व्यंजनं उजवीकडे आहेत, प र क त च ट, त्यामुळे मराठीचा पाठ पहिल्या दिवसापासून दोन्ही हातांनीच सुरू व्हायला हवा. एकट्या मधल्या ओळीतून कितीतरी खरे शब्द निघतात: पत्र, चित्र, चक्र, रोप, चोर, कोट, पोते, तेच, कुत्रे. 'कुत्रे' मारायला के, जी, एल, डी, जे, एस. सहा दाब, मधली ओळ सोडायची गरज नाही आणि हलंतही आपोआप हाताखाली येतो. क्लासला जाणाऱ्याने ही यादी घरून लिहून न्यावी आणि त्या पाठाच्या जागी चालवावी. सर अडवत नाहीत.

दुसरी गोष्ट कुठल्याही क्लासच्या भिंतीवरच्या रंगीत तक्त्यात दिसत नाही. मराठीचा भार बोटांवर सारखा पडत नाही. उजव्या करंगळीकडे ज, च, ट, ड, य, वर शिफ्ट लावून त्यांची भावंडं झ, छ, ठ, ढ, शिवाय उजवी शिफ्ट, एंटर आणि बॅकस्पेस. डाव्या मधल्या बोटाकडे हलंत, काना आणि म. आता 'त्यांच्या' मारून बघा: एल, डी, स्लॅश, ई, एक्स, सेमिकोलन, डी, स्लॅश, ई. नऊ दाबांत डावं मधलं बोट चार वेळा आणि उजवी करंगळी तीन वेळा. 'च्या' तर पूर्ण या दोघांतच होतो. करंगळी सेमिकोलनवर, मग मधलं बोट डी वर, मग करंगळी खाली स्लॅशवर, मग मधलं बोट वर ई ला. मराठीत ओळीला एखादा 'च्या', 'ज्या', 'ट्या' असतोच. करंगळी कच्ची राहिली की य साठी अनामिका खाली उतरते, मनगट बाहेर वळतं, आणि परत येताना हात एक बटण सरकून बसतो. पुढचा सगळा शब्द मग चुकतो. यावर उपाय म्हणजे रोज सुरुवातीला पाच मिनिटं फक्त च्या, ज्या, ट्या, ड्या, त्या, संथपणे, तर्जनी जे च्या उंचवट्यावरून न हलवता. क्लासच्या पुस्तिकेत असा पाठ नाही. करंगळीला अख्ख्या पुस्तिकेत एक पान आहे, तेही इंग्रजीचं.

याउलट 'सोलापूर' हा शब्द इनस्क्रिप्टसाठीच घडवल्यासारखा आहे. एम, ए, एन, ई, एच, टी, जे. उजवा, डावा, उजवा, डावा, शेवटपर्यंत. उजवीकडची चारही अक्षरं एकट्या तर्जनीची आणि डावीकडे दर वेळी नवीन बोट. ठेका समजावून द्यायला यापेक्षा चांगला शब्द शोधूनही मिळणार नाही, आणि क्लासमध्ये तो खरंच वापरतात. सर टेबलावर पट्टी वाजवतात, अख्खी रांग एका तालात 'सोलापूर सोलापूर' मारते. खालून जाणाऱ्याला वर माग चालू आहे असं वाटावं.

शिफ्टच्या बाबतीत मात्र ढिलाई आहे. नियम सोपा आहे: अक्षर डाव्या हाताचं तर शिफ्ट उजवी, अक्षर उजव्या हाताचं तर शिफ्ट डावी. इथे बहुतेक मुलं सगळ्याला डावीच वापरतात आणि कुणी टोकत नाही. डावी करंगळी खाली शिफ्टवर आणि त्याच हाताचं मधलं बोट वर ई ला गेलं की पंजा ताणला जातो आणि डावीकडे सरकतो. मग 'आहे' मधला एकार मारायला आलेली अनामिका एस ऐवजी ए वर पडते आणि कागदावर येतं 'आहो'. 'दुसऱ्या', 'बिचाऱ्या' मधल्या ऱ्या चीही तीच गत. तिथे डाव्या शिफ्टसकट जे, मग डी, मग स्लॅश, मग ई असा क्रम लागतो. शिफ्ट राहिली की 'दुसर्या' होतं, य वर रफार चढतो. परीक्षेत ही सरळ चूक धरली जाते.

आता क्लासच्या जमेच्या बाजू. पहिला महिनाभर सगळ्या कीबोर्डांवरची बॅकस्पेसची टोपी काढून ठेवलेली असते. ऐकायला जाच वाटतो, पण चूक झाली की खोडायला परत जाण्याची सवय लागण्याआधीच मोडते, आणि शंभरात चुका किती हे कागदावर उघडं पडतं. हातांवर कापडाचा पडदा टाकतात, म्हणजे खाली बघायची सोयच नाही. मॅडमचं "खाली काय बघतोस रे, पळून चाललंय का बटण?" दिवसातून पन्नासदा ऐकू येतं. वेग वाढवण्यासाठी त्यांचा ठोकताळाही चांगला आहे: शंभरात दोनपेक्षा जास्त चुका असतील, तर त्याच उताऱ्याला आणखी सावकाश मारायचं.

सामान मिश्र दर्जाचं. भिंतीकडच्या रांगेत खटखट आवाज करणारे मेकॅनिकल कीबोर्ड आहेत, बटण अर्ध्यात दाबलं की बोटाला टिचकी लागते, तळापर्यंत आपटावं लागत नाही. मधल्या दोन रांगांत रबरी पडद्याचे स्वस्त कीबोर्ड. त्यातल्या बऱ्याच कीबोर्डांचे एफ आणि जे वरचे उंचवटे झिजून गुळगुळीत झालेत. न बघता टायपिंगचा सगळा डोलारा त्या दोन उंचवट्यांवर उभा असतो. ते नसतील तर हात घरी आला की नाही हे कळणार कसं? नखाने चाचपून बघावं, लागले नाहीत तर मशीन बदलून मागावं. काही बटणांवर देवनागरी स्टिकर आहेत. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्यांचा गोंद पातळ होतो, स्टिकर सरकतात, कडेने चिकट राहतो आणि धूळ धरतो. तसंही स्टिकर म्हणजे खाली बघायचं आमंत्रण. ते अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून काढले तर क्लासचं भलंच होईल.

टेबलं उंच आहेत, खुर्च्या बुटक्या. कोपर बटणांच्या पातळीत यायला हवं, इथे ते खाली राहतं, खांदे वर चढतात आणि अर्ध्या तासात मान भरते. खुर्चीवर उशी घ्यावी, पाय लोंबत असतील तर खाली लाकडी पाट. कीबोर्डचे मागचे पाय दुमडावेत. ते उघडे ठेवले की मनगट वर वळतं, आणि करंगळीचं आधीच जड झालेलं काम आणखी जड होतं. डबा उघडायला आत बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. शेंगा चटणीचा एक कण बटणाखाली गेला की तेल सुटतं, धूळ बसते आणि बटण वर यायला आळस करतं.

लेआउटचं, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं अक्षर त्याचं, पहिल्याच दिवशी विचारून घ्या. इथे रेमिंग्टन आणि इनस्क्रिप्ट दोन्ही शिकवतात, आणि दोन्हींची डोकी वेगळी. रेमिंग्टन टाइपरायटरवरून आलेला: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षरानंतर, जसं डोळ्याला दिसतं तसं. इनस्क्रिप्ट कानाचं ऐकतो: 'बार्शी' मध्ये ब, काना, र, हलंत, श, दीर्घ वेलांटी. एक शिकताना दुसऱ्यात हात घातला की दोन्ही बिघडतात. ज्या परीक्षेचा अर्ज भरायचा, तिथे कुठला चालतो ते बघून एकच धरावा. मोकळी निवड असेल तर इनस्क्रिप्ट, आणि सोलापुरात त्याला एक जास्तीचं कारण आहे. भारतीय लिप्यांसाठी त्याची मांडणी एकच आहे. के दाबला की मराठीत क, तेलुगूत त्यांचा क, कन्नडमध्ये त्यांचा क. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला एका फीत तीन भाषांची बोटं मिळतात. क्लासच्या पत्रकात याचा उल्लेखही नाही, म्हणजे कमालच आहे.

एक बारीक खोड. मराठी-इंग्रजी बदलायला मशीनवर आल्ट-शिफ्टची जोडी चालू ठेवली आहे. डावी शिफ्ट घेताना अंगठा आल्टला लागला की उताऱ्याच्या मध्यात भाषा बदलते आणि अर्धी ओळ इंग्रजी कचरा होते. सेटिंगमध्ये जाऊन ती जोडी बंद करावी. विंडोजचं बटण आणि स्पेसबार यांनी भाषा बदलतेच. शिकवणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर रंगीत पंजा दिसतो, पुढचं बोट चमकतं. पहिल्या आठवड्यानंतर तो बंद करायला सांगा, नाहीतर नजर कीबोर्डवरून सुटते ती पंज्यावर जाऊन अडकते.

इंग्रजीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ती इथे व्यवस्थित शिकवतात.

सकाळी सातची बॅच सगळ्यात बरी, हॉल गार असतो आणि भिंतीकडचे कीबोर्ड रिकामे मिळतात. संध्याकाळी साडेपाचला गर्दी, तेव्हा मधल्या रांगेवाचून गत्यंतर नाही. फी दोन हप्त्यांत घेतात. परीक्षेची फी त्यात धरली आहे का ते पावतीवर लिहून घ्यावं. आणि नाव घालायच्या आधी एक तास नुसतं बसू देतात, त्या तासात 'आणि' आणि 'त्यांच्या' वीस-वीस वेळा मारून बघावेत, त्या मशीनची उजवी शिफ्ट अडकते का तेही त्यातच कळतं.