ओएलईडी मॉनिटरवर मराठी मजकूर: दिवाळी ते मृग, रोजच्या वापरानंतर

दिवसभर मराठी अक्षरं वाचायचं काम असेल, तर पडदा किती काळा होतो हे नंतर बघा. आधी बघा की एका इंचात किती पिक्सेल आहेत आणि त्या पिक्सेलच्या आत लाल, हिरवा, निळा कसे मांडलेत. दिवाळीला घेतलेला क्यूडी-ओएलईडी (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो त्या ओएलईडीचा एक प्रकार) मॉनिटर मृग लागेपर्यंत रोज वापरून माझं हे मत पक्कं झालंय. घेण्याआधी मी खूप वाचलं होतं, पण सगळीकडे गेम आणि सिनेमे. शिरोरेषा कशी दिसते, रफार आणि अनुस्वार वेगळे कळतात का, हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं दुकान लातुरात, गंजगोलाईपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पुढच्या खोलीत माझं डीटीपी: क्लासेसच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, अधूनमधून एखादा कवितासंग्रह. मागच्या खोलीत धाकट्या भावाचा स्टुडिओ आणि लग्नाच्या अल्बमचं काम. हा २७ इंची, २५६० बाय १४४० चा मॉनिटर दोघांच्या कामाला म्हणून आणला. शेजारी माझा जुना २४ इंची फुल एचडी आयपीएस (नेहमीच्या एलसीडीतला एक प्रकार) होताच, आणि संक्रांतीनंतर २७ इंची ४के आयपीएस आला. तिन्ही पडद्यांवर एकच पान उघडून बघायची सोय त्यामुळे झाली. कंपन्यांची नावं देत नाही, कारण खाली लिहिलेलं जवळपास सगळं पॅनेलच्या प्रकारामुळे घडतं. त्या प्रकारचा कुठलाही मॉनिटर घेतला तरी बहुतेक तेच दिसेल.

आधी ओएलईडीची जमेची बाजू, कारण ती खरोखर देखणी आहे. संक्रांतीच्या दिवसांत भावाकडे नव्या सुनांचे हलव्याच्या दागिन्यांतले फोटो येतात. काळी साडी, तिच्यावर पांढरा हलवा, मागे बहुधा गडद पडदा. जुन्या आयपीएसवर त्या साडीचा काळा राखाडीकडे झुकायचा, आणि खोलीतला दिवा मालवला की मॉनिटरच्या कोपऱ्यांतून फिकट उजेड झिरपताना दिसायचा. तीच फाइल ओएलईडीवर उघडल्यावर भाऊ म्हणाला, "अक्का, निऱ्या मोजता यायल्यात की!" आणि खरंच येत होत्या. अल्बमचा कागद एवढा काळा होत नाही, म्हणून छपाईला पाठवण्याआधी गडद भाग थोडा उजळावा लागतो, एवढं मात्र लक्षात ठेवावं लागतं.

असं का होतं? एलसीडीत, मग तो आयपीएस असो की व्हीए, मागचा दिवा चालूच असतो. पुढचे द्रवस्फटिक त्याचा उजेड अडवतात, पण पूर्ण अडवू शकत नाहीत. आयपीएसमध्ये पांढरा रंग काळ्याच्या साधारण हजारपट उजळ असतो, व्हीएमध्ये तीन हजारपट किंवा त्याहून जास्त. २०२२ पासून मॉनिटरमध्ये आलेल्या 'आयपीएस ब्लॅक' पॅनेलनं हा आकडा दोन हजारांवर नेलाय. मिनी-एलईडीत मागच्या दिव्याचे शेकडो भाग करून नको तिथले विझवतात, पण एकेक भाग अक्षरापेक्षा बराच मोठा असल्यानं काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षराभोवती धुरकट वलय उरतं. ओएलईडीत मागे दिवाच नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, आणि विझला की तिथून उजेड येत नाही.

हाच मॉनिटर पुढच्या खोलीत माझ्या टेबलावर आणला आणि तो काळा गेला. आमचं शटर पश्चिमेला आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर रस्त्यावरचा उजेड थेट आत येतो. याचं गणित सोपं आहे. धरा, पडद्याचा पांढरा २०० निट्स (पडद्याच्या उजळपणाचं माप) आहे. आयपीएसचा काळा त्याचा हजारावा भाग, म्हणजे ०.२ निट. ओएलईडीचा शून्य. आता खोलीत ५०० लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड आहे, व्यवस्थित दिवे लावलेल्या ऑफिसात असतो तेवढा, आणि पडदा त्यातला फक्त एक टक्का परत पसरवतो. एवढ्यानंच पडद्यावर सुमारे १.६ निट्सचा उजेड चढतो. म्हणजे आयपीएसचा काळा झाला १.८ आणि ओएलईडीचा १.६. जाहिरातीत 'हजार विरुद्ध अनंत' लिहिलेलं असतं, ते माझ्या टेबलावर एकशे दहा विरुद्ध सव्वाशे होतं. आमच्या उघड्या शटरसमोर तर ५०० लक्सपेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो.

क्यूडी-ओएलईडीत त्यात आणखी एक भर पडते. एलसीडीवर आणि एलजीच्या 'पांढरा ओएलईडी' या दुसऱ्या प्रकारावर ध्रुवक नावाचा थर असतो. बाहेरून आत शिरलेला बराचसा उजेड तो गिळतो. क्यूडी-ओएलईडीत हा थर नसतो, त्यामुळे पॅनेल स्वतःचा उजेड कमी वाया घालवतं, पण खोलीतला उजेड आत जाऊन परतही येतो. बंद मॉनिटर दुपारी बघितला की तो काळा नसून जांभळट राखाडी दिसतो. पान पूर्ण पांढरं असलं की ओएलईडी स्वतःहून उजेड आवरतं, आणि आमच्या मॉनिटरवर तो अडीचशे निट्सच्या आसपास थांबतो. प्रश्नपत्रिका म्हणजे पूर्ण पांढरं पानच. एप्रिल-मे मध्ये दुपारी त्यावर वाचताना माझे डोळे शिणायचे.

आता अक्षरांकडे येते, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. पांढऱ्या पानावरच्या काळ्या शिरोरेषेला वरच्या कडेनं गुलाबी-जांभळी आणि खालच्या कडेनं हिरवट किनार दिसते. डार्क मोड लावला, अक्षरं पांढरी केली, की रंग उलटतात: हिरवा वर, जांभळा खाली. भावाला दाखवलं तर तो म्हणाला, "मला तर काहीच दिसंना, तुला कुठं हिरवं दिसायलंय?" पडद्यावर फोटो बघताना ते जाणवतही नाही. ओळीमागून ओळ प्रूफ वाचणाऱ्याला दिसतं.

कारण पिक्सेलच्या रचनेत आहे. नेहमीच्या एलसीडीत लाल, हिरवा, निळा हे तीन उभे पट्टे शेजारी शेजारी असतात. आमच्यासारख्या क्यूडी-ओएलईडीत ते त्रिकोणात बसवलेत: हिरवा वर, लाल आणि निळा खाली. त्यामुळे जिथे पांढरा भाग वरच्या बाजूनं सुरू होतो तिथे आधी हिरवा येतो, आणि जिथे तो खाली संपतो तिथे शेवटी लाल-निळा उरतो. म्हणजे रंग सांडतात ते आडव्या कडांवर. रोमन लिपीत आडव्या कडा तुकड्यातुकड्यानं येतात, 'ई' ची मधली रेघ, 'टी' चं डोकं. देवनागरीत तर शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघच आहे. या रचनेचा सगळ्यात जास्त त्रास आपल्या लिपीला व्हावा, हे मला मनापासून खटकलं.

एलजीच्या त्या पांढऱ्या ओएलईडी प्रकारात चार उभे पट्टे असतात, तीन रंगांचे आणि एक पांढरा. छत्रपती संभाजीनगरला एका ओळखीच्या प्रेसमध्ये तो मॉनिटर बघितला. तिथे शिरोरेषा स्वच्छ होती, रंग होता तो काना आणि दंडाच्या उभ्या कडांना. मला तो कमी टोचला.

विंडोजमध्ये अक्षरं गुळगुळीत करणारं क्लिअरटाइप मायक्रोसॉफ्टनं १९९८ साली जाहीर केलं, ते एलसीडीचे तीन उभे पट्टे गृहीत धरूनच. ते आडव्या दिशेत पिक्सेलचे तीन भाग वापरतं, त्यामुळे उभी रेघ नेमकी बसते. त्रिकोणी मांडणीवर हे गृहीतकच चुकतं. मी क्लिअरटाइप बंद करून बघितलं. डावी-उजवीकडचा रंग कमी झाला, शिरोरेषेच्या वर-खालचा तसाच राहिला, कारण तो सॉफ्टवेअरचा नाहीच.

४के आयपीएस आला आणि ज्याला मी काळ्याचा प्रश्न समजत होते, तो बराचसा पिक्सेलचा निघाला. १० पॉइंटचं अक्षर शंभर टक्के स्केलवर (विंडोजमध्ये पडद्यावरचं सगळं लहान-मोठं करायची सेटिंग) साधारण १३ पिक्सेलांत बसतं. तेवढ्यात वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मग शिरोरेषा, मग अक्षराचं अंग, आणि खाली उकार. अंगाला जेमतेम सात-आठ पिक्सेल उरतात. 'सर्वांना' लिहिलं की रफार आणि अनुस्वार मिळून एकच ठिपका होतो. 'ष' च्या पोटातली तिरकी रेघ पुसट होऊन 'प' वाटतो. प्रश्नपत्रिकेत असलं काही सुटलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासचा फोन ठरलेला. मी त्यासाठी कायम पान दोनशे टक्के मोठं करून वाचायचे, आणि मग पूर्ण पानाची मांडणी दिसायची नाही.

२७ इंची ४के म्हणजे इंचाला १६३ पिक्सेल. माझ्या जुन्या पडद्यावर ९२ होते, ओएलईडीवर साधारण ११०. ४के वर दीडशे टक्के स्केल ठेवलं की तेच अक्षर २० पिक्सेलांत येतं. रफार वेगळा, अनुस्वार वेगळा, 'राष्ट्र' मधल्या 'ट्र' चे पाय वेगळे.

आणि काळा? कमी पिक्सेलच्या पडद्यावर अक्षराची रेघ पाऊण पिक्सेल जाडीची येते. पाऊण पिक्सेल काळा करता येत नाही, म्हणून अख्खा पिक्सेल पाऊण गडद रंगवला जातो. रेघ दोन पिक्सेलांच्या मध्ये पडली, तर दोन फिकट राखाडी पिक्सेल. त्या अक्षरात पूर्ण विझलेला पिक्सेल फार थोडा असतो, मग ओएलईडीचा शून्य उजेडाचा काळा तिथे वापरलाच जात नाही. ४के वर रेघ पिक्सेलपेक्षा जाड होते, त्यामुळे तिच्यात पूर्ण किंवा जवळपास पूर्ण काळा पिक्सेल येण्याची शक्यता वाढते. म्हणून हजारपट कॉन्ट्रास्टच्या साध्या आयपीएसवर माझी प्रश्नपत्रिका ओएलईडीपेक्षा जास्त काळी दिसते. तिन्ही पडदे शेजारी ठेवले की हे बघणाऱ्या कुणालाही पटतं. २०२५ पासून २७ इंची क्यूडी-ओएलईडीही ४के मध्ये, इंचाला १६६ पिक्सेलांचे, मिळू लागलेत. पिक्सेल लहान झाला की किनारही बारीक होते. त्यावर मी काम केलेलं नाही, पण घेणाऱ्यानं ११० वाला सोडून तो आधी बघावा.

वापरातली एक अडचण आमच्याकडच्या दुकानदारांनी जरूर ऐकावी. ओएलईडीचे पिक्सेल वापरानुसार झिजतात. ती झीज सारखी करण्याची प्रक्रिया मॉनिटर स्टँडबायवर असताना आपोआप चालते. आमच्या बाजारात रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची पद्धत आहे, आणि शॉर्टसर्किटच्या भीतीनं ती बरोबरही आहे. पण मग ही प्रक्रिया होत नाही. आता भाऊ जेवायला जाताना मॉनिटर मुद्दाम स्टँडबायवर सोडतो. टास्कबार लपवलाय, आणि पेजमेकिंगच्या सॉफ्टवेअरच्या करड्या पट्ट्या दिवसभर एकाच जागी राहतात म्हणून माझं काम त्यावर बंदच केलंय. अजून झिजेचा डाग पडलेला नाही.

स्टुडिओत ग्राहकांना अल्बम दाखवायला ४३ इंची व्हीए टीव्ही आहे. फोटोंना छान. त्यावर मजकूर वाचायचा असेल तर एचडीएमआयच्या त्या जोडणीला 'पीसी' असं नाव द्या आणि शार्पनेस कमी करा. नाहीतर बरेच टीव्ही रंगाची माहिती चार पिक्सेलांत मिळून एकदाच घेतात आणि काळ्यावरची लाल अक्षरं फिसकटतात. काळ्या पार्श्वभूमीवर पटकन स्क्रोल केलं, तर व्हीएत अक्षरामागे सावली ओढली जाते. त्याला उपाय नाही.

कवितासंग्रहांची प्रूफं मी ई-इंकच्या वाचनयंत्रावरही वाचते. सहा इंची, इंचाला ३०० पिक्सेल. कॉन्ट्रास्टच्या आकड्यात हा पडदा सगळ्यांत मागे, साधारण पंधरापट. पांढरा वर्तमानपत्राच्या कागदासारखा मळकट, काळा गडद राखाडी. तरीही अक्षर सगळ्यांत सुबक इथेच, कारण काळे-पांढरे कण प्रत्यक्ष पृष्ठभागाशी येऊन थांबतात आणि बाहेरच्या उजेडातच दिसतात. उजेड वाढला की इतर पडदे फिके पडतात, हा खुलतो. ज्वारीच्या राशीच्या वेळी गावाकडे गेले होते, तेव्हा उन्हात बसून एक संग्रह वाचून संपवला, लाइट दिवसभर नव्हती तरी अडलं नाही. ए-फोर पान मात्र त्यात मावत नाही, त्यामुळे प्रश्नपत्रिकांना तो उपयोगाचा नाही.

सध्या ओएलईडी मागच्या अंधाऱ्या खोलीत भावाकडे आणि ४के आयपीएस माझ्याकडे, अशी कायमची वाटणी झालीय. दोघंही खूश आहोत.

दुकानात बघायला जाल तेव्हा पेनड्राइव्हवर स्वतःची एक पीडीएफ न्या. ९ आणि १० पॉइंटमध्ये 'सर्वांना, वर्षांत, कष्ट, राष्ट्र, रुपया, रूप' असे शब्द, एकदा पांढऱ्यावर काळे, एकदा काळ्यावर पांढरे. विक्रेते चालू ठेवतात तो काळ्या आकाशातल्या फटाक्यांचा व्हिडिओ बंद करायला सांगा. स्केल तुम्ही रोज ठेवता तेवढंच ठेवा, हातभर अंतरावरून वाचा, दुकानातले दिवे मालवू देऊ नका. मग मोबाइलचा कॅमेरा पडद्याजवळ नेऊन शिरोरेषेचा फोटो काढा आणि मोठा करून कडा बघा.