गाडीला चार तारे, मुक्कामांच्या यादीला दीड

तुर्भ्याहून भाड्यानं मिळणारी कॅरॅव्हॅन, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, घेऊन आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात कोकणात उतरलो आणि कुंभार्ली घाटानं वर चढून, वाईमार्गे घरी आलो. गाडीला माझ्याकडून पाचपैकी चार तारे. बुकिंग झाल्यावर ‘सुचवलेले मुक्काम’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर जी पीडीएफ येते तिला दीड, त्यातला अर्धा तारा फोटो चांगले आहेत म्हणून. कंपनीचं नाव देत नाही. मुलानं आधी आणखी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली होती, मुक्कामाच्या बाबतीत सगळ्यांची तऱ्हा एकच: गाडी आमची, रात्र तुमची.

मी एसटीतला माणूस. वाहतूक नियंत्रक होतो, आधी मुरबाड-शहापूरकडे, शेवटी खोपट आगारात. संध्याकाळी सुटलेली मुक्कामी गाडी कोणत्या गावात राहील, चालक-वाहक कुठे पाठ टेकतील, पहाटे गाडी तोंड फिरवून वेळेवर निघेल का, यातच नोकरी गेली. त्यामुळे घरातली मंडळी गाडीतला टीव्ही आणि वरचा बंक बघून हरखली होती तेव्हा मी ती यादी वाचत होतो. ‘समुद्राला लागून मोकळी जागा.’ ‘सूर्यास्त सुंदर.’ ‘अत्यंत शांत.’ अहो, पण नळ आहे का? प्लग आहे का? रात्री फाटक किती वाजता लावतात? याबद्दल एक अक्षर नाही. आणि यादी कुणीतरी डिसेंबर-जानेवारीत फिरून केलेली आहे हे दुसऱ्याच पानावर कळतं.

गाडीबद्दल आधी सांगतो, कारण ती खरंच बरी आहे. फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली, पिवळी पाटी, सोबत ड्रायव्हर. आम्ही दोघं, मुलगा, सून आणि नातू आरामात झोपलो. बैठकीचा पलंग होतो, तो सुनेला एकटीला उघडता आला. फ्रिज चालला, सिंक गळलं नाही, खिडक्यांना जाळ्या धड होत्या. भाडं मात्र दोन खोल्यांच्या चांगल्या हॉटेलापेक्षा जास्त पडतं. त्यावर डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता आणि ठरलेल्या किलोमीटरच्या वर गेलात तर तो दर वेगळा. पैसे वाचवायला कुणी हे करू नये.

सोसायटीत गाडी येईल असंही समजू नका. छतावर एसी असल्यानं ती घरच्या गाड्यांपेक्षा बरीच उंच होते आणि पोडियम पार्किंगच्या तोंडावरच अडते. आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या गल्लीत तर वळवायचा प्रश्नच नव्हता. सामान खांद्यावर मारून तीन हात नाक्याजवळ सर्व्हिस रोडला नेलं आणि तिथून कळवा, ऐरोली, तुर्भे करत पनवेलजवळ पळस्प्याला मुंबई-गोवा महामार्गाला लागलो. पहाटे निघालात तर ठाणे-बेलापूर रस्ता गोड आहे. आठनंतर विचारू नका.

आता वीज. बुकिंगवाला फोनवर म्हणतो, “काका, बॅटरी आहे ना, टेन्शनच नाही.” गाडीत बारा व्होल्टची, दोनशे अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी होती. गुणाकार करा, अडीच युनिटसुद्धा भरत नाहीत. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो, म्हणजे दोन-सव्वादोन तासांत बॅटरी झोपली, तुम्ही जागे. दिवे, पंखे आणि मोबाइल यांवर तीच बॅटरी अख्खी रात्र काढते. जानेवारीत तेवढं पुरतं. मेअखेर किनाऱ्यावर रात्रीही अंग चिकचिकतं, पत्र्याची गाडी दिवसभर तापलेली असते, आणि सोबत लहान मूल असेल तर एसी लागतोच. म्हणजे मुक्कामाला प्लग हवाच. साधा पाच अँपिअरचा चालत नाही, सोळाचा हवा. घरमालकाला ‘लाइट आहे का’ असं विचारलंत तर तो अंगणातला बल्ब दाखवेल. ‘गीझरचा किंवा पंपाचा प्लग गाडीपर्यंत येईल का’ असं विचारायचं.

प्लग मिळाला तरी एसी आणि इंडक्शन एकदम लावू नका. दोन्ही मिळून तेरा-चौदा अँपिअर ओढतात आणि जुन्या घराची वायरिंग तेवढं सोसतेच असं नाही. आमच्या पहिल्या यजमानांचा एमसीबी असाच पडला, अख्खं घर अंधारात, आणि आतून आजींचा आवाज, “गाडीवाल्यांनी घालवली गो!” गाडीसोबत मिळणारी वायर बारीक आहे, हा कंपनीचा दोष. तिचं भेंडोळं तसंच ठेवून वापरलं तर ते तापतं, म्हणून वीस मीटर लागो वा पाच, वायर पूर्ण उलगडायची. वळिवाच्या वाऱ्यात वीज जाते तेव्हा मात्र कुणाचाच इलाज नाही. खिडक्या उघडा आणि दर्याकडून वारा येईल अशी गाडी आधीच लावलेली असू द्या. नारळाखाली लावू नका. सावली दिसते, पण वरून झावळी किंवा नारळ आला तर छतावरच्या एसीचे पैसे तुमच्या डिपॉझिटमधून जातील.

पाण्याचं याहून नाजूक. टाकी शंभर लिटरची. पाच माणसं आंघोळी करणार असतील तर ती दुसऱ्या सकाळीच खडखडते. मेअखेर कोकणातल्या कितीतरी वाड्या टँकरची वाट बघत असतात. तिथे ठाण्याहून एसी गाडी घेऊन जायचं आणि ‘जरा पाइप लावू का’ म्हणायचं, हे माझ्या तोंडून निघालं नाही. हरिहरेश्वरला घरमालकाच्या बोअरचं पाणी भरपूर होतं, तिथे त्यांना विचारून, वेगळे पैसे देऊन टाकी भरली. पुढे आंघोळी जिथे जेवलो तिथल्या न्हाणीघरात, बादलीनं. गाडीतला शॉवर छान आहे, फोटो काढा आणि पुढे चला.

संडासाबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. गाडीत खालून ओढून काढता येणारी टाकी असते, ती दोन दिवसांत भरते. परदेशी कॅम्पसाइटवर ती रिकामी करायची वेगळी जागा असते, तशी आपल्या वाटेवर मला कुठेही दिसली नाही. मग रिकामी करायची ती सेप्टिक टँक असलेल्या संडासात, मालकाला विचारून. आत कोणतं औषध टाकलंय तेही त्यांना सांगा. जंतू मारणारं रसायन असेल तर ते सेप्टिक टँकमधले कामाचे जंतूही मारतं, आणि पावसाच्या तोंडावर कुणाची टाकी बिघडवायची नसते. ओढ्यात, झुडपात ओतणारे आहेत. ड्रायव्हरदादांनीच सांगितलं, “काका, पब्लिक कुठेही ओततं.” मी म्हटलं, आपण नाही. रात्री लघवीला वापरायचा आणि बाकी यजमानांकडे जायचं असं ठरवलं, मग सगळं सोपं झालं.

यादीत एका बंदराच्या जेटीजवळची ‘प्रशस्त मोकळी जागा’ होती. गेलो तर मुंगी शिरायला वाव नाही. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्याआधी होड्या वर ओढायची, जाळी सुकवायची, इंजिनं उतरवायची धांदल. जानेवारीत जिथे क्रिकेट खेळतात तिथे मेअखेर होड्या असतात. देवळापुढची पटांगणं लग्नांच्या मांडवांनी अडलेली. चाकरमानी गावी आलेले, त्यांच्या गाड्या अंगणात. (१ जून हा एसटीचाही वर्धापनदिन, १९४८ साली पुणे-नगर गाडी सुटली ती याच तारखेला. आगारात पेढे असायचे.)

मग आम्ही मुक्काम कसे शोधले? माझ्या जुन्या पद्धतीनं. गावात शिरताना पहिल्या टपरीवर एकच प्रश्न: “मुक्कामी एसटी कुठे राहते?” जिथे राहते तिथे मोठी गाडी वळायला जागा असते, जमीन बरीचशी सपाट आणि टणक असते, जवळ एखादा दिवा, नळ किंवा विहीर असते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रात्री तिथे अनोळखी गाडी दिसली तर चौकशी करणारं कुणीतरी असतं. एसटीच्या उभं राहायच्या जागेत मात्र गाडी घुसवायची नाही. पहाटे तिला निघायचं असतं. तिथे उतरून आजूबाजूला कुणाचं अंगण, कुणाची खानावळ आहे का बघायचं, रात्रीचं जेवण त्यांच्याकडे सांगायचं आणि मग जागेचं विचारायचं. गुहागरच्या पुढे एका वाडीत असंच झालं. जेवण सांगितलं तेव्हा काकूंनी स्वतःच विचारलं, “झोपणार खंय? गाडीत? मग ती इकडे खळ्यात घ्या, कुत्री नाय येणार.” खळं शेणानं सारवलेलं, ड्रायव्हरदादा चाक घालायला धजेनात. शेवटी कडेला लावली, पंपाचा प्लग मिळाला आणि सकाळी घावने.

सूनबाईंचं म्हणणं वेगळं आहे, तेही नोंदवतो. तिला रोज संध्याकाळी जागा शोधायची धाकधूक नको होती. तिचा आग्रह पर्यटन महामंडळाच्या रिसॉर्टांचा: हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली इथे ती आहेत, आवारात रखवालदार असतो, संडास-बाथरूमची सोय होऊ शकते. राज्यानं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, तेव्हा विचारायला संकोच नको. पण आधी फोन करा, गाडीची लांबी-उंची सांगा आणि सोळा अँपिअरचं पुन्हा विचारा. मुलं लहान असतील तर पहिली रात्र तरी अशा पक्क्या जागी काढावी, इथपर्यंत मी तिच्याशी सहमत आहे.

अंतराचं गणित कंपनीच्या नकाशात फसवं आहे. त्यांनी हरिहरेश्वर ते गुहागर एका दिवसात सहज दाखवलंय. नकाशात ते जवळच आहे. मध्ये बागमांडला-वेसवी आणि दाभोळ-धोपावे अशा दोन जंगलजेटी, म्हणजे गाड्या खाडीपलीकडे नेणाऱ्या फेरीबोटी, लागतात, सुट्टीत गाड्यांची रांग असते आणि अरुंद रस्त्यावर समोरून आंब्याचा टेम्पो आला की मागे घेणारे तुम्हीच. ओहोटीला फेरीबोटीचा उतार जास्त तिरका होतो आणि कॅरॅव्हॅनचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे असतो. पायरी आणि सांडपाण्याचा पाइप घासतो. जेटीवरच्या माणसाला विचारून भरती बरीच चढल्यावर गाडी चढवली. कोकणात दिवसाला दीडशे किलोमीटर ही कमाल मर्यादा धरा आणि पाचपर्यंत मुक्कामाला पोचा. सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो, म्हणून ‘अजून उजेड आहे’ म्हणत पुढे जायचा मोह होतो. पण उजेड हवा असतो तो जमीन बघायला. वाळूत तर चाक घालूच नका, कितीही घट्ट दिसो.

ड्रायव्हर कुठे झोपणार? बुकिंगच्या अर्जात हा रकानाच नाही. गाडी कुटुंबासाठी आहे, पुढच्या सीटवर माणूस आठ तास झोपू शकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी घाट त्यालाच चढायचा असतो. मी मुक्काम ठरवताना ओसरी, खाट आणि पंखा त्यांच्यासाठी आधी मागून घेत होतो. दादांनी सांगितलं, बहुतेक पार्ट्या विचारत नाहीत. कंपनीनं यात सुधारणा केली तर मी अर्धा तारा वाढवीन.

चिपळूणहून कुंभार्ली चढून कोयनानगरला आलो आणि एसी बंद केला, तो शेवटपर्यंत लागलाच नाही. उन्हाळ्याच्या टोकाला जायचं तर मुक्काम किनाऱ्यावर कमी आणि घाटावर जास्त ठेवा, प्लगची निम्मी कटकट आपोआप जाते. वाईला कृष्णाकाठी गर्दी होती, म्हणून गावाबाहेर एका रोपवाटिकेत राहिलो. पाणी मुबलक, मालक बोलका, डास भरपूर.

परतीची वेळ सकाळी दहा, तुर्भ्यालाच. पुढे तासाप्रमाणे दंड. रविवारी संध्याकाळी द्रुतगती मार्गानं यायचं धाडस करू नका. आम्ही सोमवारी पहाटे तीनला वाई सोडली, खंबाटकीला रस्ता मोकळा होता. डिपॉझिट चार दिवसांनी आलं, संडासाची टाकी धुण्याचे पैसे कापून. ती आम्ही धुऊनच दिली होती. विचारलं तर म्हणाले, “सगळ्यांचे कापतो, काका.”